घरच्या कॉम्प्युटरवरून जाणारे टपाल आणि बदलता पत्ता



या पानावर मी नेहमी बेणे, खत, पाणी आणि हुमणी यांविषयी लिहीत असतो. या खेपेचा विषय वेगळा वाटेल, पण तोही पाण्यातूनच निघाला आहे. गेल्या उन्हाळ्यात आपल्या कार्यक्षेत्रातील एका उपसा जलसिंचन संस्थेत पाण्याच्या पाळीवरून तंटा झाला. त्याचे मूळ ना मोटारीत होते, ना पाइपलाइनीत. ते सेक्रेटरींच्या घरच्या कॉम्प्युटरवरून सुटणाऱ्या ई-मेलमध्ये होते. माझे शिक्षण कृषी पदविकेचे, कॉम्प्युटरचे नव्हे. तरी ज्या मुलाने हे काम पुढे दुरुस्त केले, त्याच्याजवळ चार संध्याकाळ बसून जे समजले ते येथे मांडतो. पाणीसंस्था, दूध संस्था, सोसायटी यांची कामे आता पुष्कळ घरांतून कॉम्प्युटरवर चालतात, त्यांना ते उपयोगी पडावे.

झाले असे. या संस्थेचे दीडशेच्या आसपास सभासद. त्यांतील पंधरा-वीस जण नोकरीनिमित्त पुण्या-मुंबईकडे असतात. शेती इथे भावावर किंवा गड्यावर. सेक्रेटरींच्या मुलाने घरच्या कॉम्प्युटरवर पाळीपत्रकाचा प्रोग्रॅम बसवला. रोज रात्री नऊला तो आपोआप चालायचा आणि उद्या कुणाची पाळी, किती तास, मागची पाणीपट्टी किती थकली, हे ज्याचे त्याला ई-मेलने जायचे. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर का टाकत नाहीस, असे मी विचारले. तर म्हणाला, "साहेब, थकबाकी ग्रुपवर टाकली की दुसऱ्या दिवशी सगळा गाव आमच्या दारात." तेही खरेच.

एप्रिलमध्ये पुण्याच्या एका सभासदाची पाळी आली. अडीच एकर आडसाली ८६०३२, नऊ महिन्यांचा ऊस, ऐन कांडी धरण्याचे दिवस. पाळीच्या रात्री व्हॉल्व्ह उघडून दारे धरायला कुणीच नव्हते. पाणी पुढच्या गटाला गेले. पुढची पाळी यायला आणखी अकरा दिवस लागले, म्हणजे दोन पाण्यांत तीन आठवड्यांचे अंतर पडले. उन्हाळ्यात आपण आठ-दहा दिवसांनी पाणी द्या म्हणतो, तिथे एकवीस दिवस! मी फडात गेलो तेव्हा शेंडे कोमेजलेले होते आणि वरच्या कांड्या बोटभर पडल्या होत्या. गडी म्हणाला, मला कुणी सांगितलंच नाही. मालक रविवारी गाडी काढून आले आणि संस्थेच्या ऑफिसात म्हणाले, "मला मेल आलाच नाही." त्यावर सेक्रेटरींच्या मुलाने पडदा फिरवून दाखवला, "काका, हे बघा, इथं 'पाठवले' लिहिलंय."

शब्दाला शब्द वाढला. जुनी भावकी निघाली. पण दोघेही खरे बोलत होते.

त्या 'पाठवले' शब्दाचा अर्थ एवढाच होता, की पाळीपत्रकाच्या प्रोग्रॅमने ते पत्र त्याच कॉम्प्युटरमधल्या टपाल-प्रोग्रॅमच्या हवाली केले. पुढे ते कुणाच्या दारात पोचले की नाही, याच्याशी त्या शब्दाचा संबंध नव्हता. गाडी फडातून निघाली की आपण टनेज मांडतो काय? काट्यावर वजन होऊन पावती फाटल्याशिवाय तो ऊस कारखान्याचा नाही. इथे पावती फाटलीच नव्हती आणि खतावणीत टन चढले होते.

आता ई-मेल कसे जाते ते पाहू. एका यंत्राने दुसऱ्या यंत्राला पत्र देण्याची जी बोली आहे तिला एस.एम.टी.पी. म्हणतात. जॉन पोस्टेल यांनी तिचे नियम १९८२ साली लिहून काढले आणि आजचा व्यवहारही मुळात त्याच बोलीवर चालतो. त्या वेळी यंत्रे मोजकी आणि बहुतेक एकमेकांच्या ओळखीची. म्हणून 'तू कोण?' असे विचारण्याची पद्धत त्या नियमांत नव्हती. कुठलेही यंत्र कुठल्याही यंत्राचे दार ठोठावी आणि पत्र ठेवून जाई. पुढे फुकट्या जाहिराती आणि फसवणुकीचा पूर आला, तेव्हा प्रत्येक मेल कंपनीने आपल्या दारावर राखणदार बसवला.

एरवी आपण मोबाइलवरून मेल पाठवतो तेव्हा पत्राचे दोन टप्पे होतात. पहिला टप्पा आपल्या यंत्रापासून आपल्या मेल कंपनीच्या जावक ऑफिसपर्यंत. तिथे आपण नाव आणि पासवर्ड सांगतो. दुसरा टप्पा त्या ऑफिसपासून समोरच्याच्या मेल कंपनीपर्यंत. पहिल्या टप्प्याचे दार ५८७ नंबरचे (काही कंपन्या ४६५ ही देतात) आणि दुसऱ्या टप्प्याचे २५ नंबरचे. दार म्हणजे कॉम्प्युटरच्या भाषेत पोर्ट. १९९८ साली ही दोन कामे नियमाने वेगळी केली गेली. तोवर सगळे पंचविसातूनच चालत असे.

आपल्या मुलाने घरच्या लिनक्स कॉम्प्युटरवर पोस्टफिक्स नावाचा टपाल-प्रोग्रॅम बसवला होता. प्रोग्रॅम चांगला आहे, फुकट आहे, मोठमोठ्या ठिकाणी चालतो. पण त्याला काही सांगितले नाही तर तो पहिला टप्पा गाळतो आणि स्वतःच समोरच्या कंपनीचे पंचवीस नंबरचे दार ठोठावतो. मोठ्या संस्थेच्या कायम पत्त्याच्या यंत्राला ते शोभते. घरच्या यंत्राला मात्र राखणदार आत घेत नाही, आणि त्याचे मुख्य कारण आपला बदलता पत्ता.

इंटरनेटवर प्रत्येक जोडणीला एक आकडी पत्ता असतो. जुन्या पद्धतीचे असे पत्ते सगळे मिळून सुमारे ४२९ कोटी. जगाची माणसेच त्याहून जास्त, आणि एकेका घरात चार-चार यंत्रे. आशिया विभागाचा साठा तर एप्रिल २०११ मध्येच तळाला गेला. म्हणून लाइन देणारी कंपनी घरगुती गिऱ्हाइकाला कायमचा पत्ता देत नाही. आपल्या ढिगातला एखादा काही काळापुरता वापरायला देते. वीज गेली, राउटर बंद पडून चालू झाला, की दुसरा मिळू शकतो. आपल्याकडे वीज किती वेळा जाते ते मी सांगायला नको! कधी तर शेकडो घरांना मिळून बाहेरचा एकच पत्ता असतो. ऊसतोड टोळीच्या कोप्या यंदा या तळावर, पुढल्या साली दुसऱ्या. तळाचे नाव सांगून अमुक एक माणूस ओळखता येत नाही, तसेच हे.

याचा परिणाम असा, की आज आपल्याला मिळालेला पत्ता काल दुसऱ्या कुणाकडे होता. त्याच्या कॉम्प्युटरला व्हायरस लागून हजारो खोटी पत्रे गेली असतील, तर त्या पत्त्याची बदनामी आपल्या वाट्याला येते. शिवाय घरगुती बदलत्या पत्त्यांच्या याद्याच ठेवलेल्या असतात. स्पॅमहाउस ही संस्था अशी एक यादी ठेवते आणि पुष्कळ मेल कंपन्या ती पाहतात. या यादीत नाव असणे ही शिक्षा नव्हे, हे ध्यानात घ्यावे. पुष्कळ वेळा लाइन देणारी कंपनी स्वतःच आपले घरगुती पत्ते तिच्यात नोंदवते. अर्थ एवढाच, की या पत्त्यांवरून कुणी थेट टपाल घेऊन आला तर घेऊ नका. त्यांनी आपल्या जावक ऑफिसमार्फत यावे. काही लाइन कंपन्या तर घरगुती जोडणीवरून बाहेर जाणारे पंचवीस नंबरचे दारच बंद ठेवतात. तसे असेल तर पत्र घराबाहेरच पडत नाही.

दुसरी गोष्ट नावाची. राखणदार आकडी पत्ता पाहून उलटा शोध घेतो, की हा पत्ता कुणाच्या नावावर आहे. त्या नोंदीला पी.टी.आर. म्हणतात आणि ती लाइन कंपनीच्या हातात असते, आपल्या नव्हे. येथे पुष्कळांची गल्लत होते. आपल्या मुलाचीही झाली होती. बदलत्या पत्त्याला एक कायम नाव चिकटवून देणारी सेवा मिळते, तिला डायनॅमिक डी.एन.एस. म्हणतात. ती त्याने घेतली होती, कारण नदीवरच्या पंपहाउसचा कॅमेरा त्याला बाहेरगावाहून बघायचा असे. ती सेवा बाहेरच्याला आपले घर सापडावे म्हणून आहे. घरातून बाहेर जाणाऱ्या टपालाला तिचा उपयोग नाही, कारण राखणदाराचा उलटा शोध कंपनीच्याच नोंदीवर जातो आणि तिथे आपले नाव नसते.

तिसरी गोष्ट सर्वांत सोपी, आणि आम्हाला समजली मात्र शेवटी. पत्रावर 'पाठवणार' म्हणून संस्थेचा फुकट मेल कंपनीवरचा पत्ता होता. पाकिटामागे कॉम्प्युटरचे स्वतःचे नाव होते, जे जगात कुणाला माहीत नाही. आणि पत्र येत होते तिसऱ्याच, घरगुती लाइनच्या पत्त्यावरून. आपल्या गेटवर करार केलेल्या वाहनांची यादी असते, तशी प्रत्येक मेल कंपनी आपल्या नावाने पत्र आणू शकणाऱ्या यंत्रांची यादी जाहीर करते (तिला एस.पी.एफ. म्हणतात) आणि पत्रावर आपली मोहोरही उठवते (तिला डी.के.आय.एम. म्हणतात). यादीत नसलेले वाहन, मोहोर नसलेली पावती आणि वर नाव मात्र कंपनीचे! मी गेटवर असतो तर मीही गाडी बाजूला घेतली असती. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने तर नियमच केला, की पत्र पाठवणाऱ्या प्रत्येकाकडे या दोहोंपैकी निदान एक आणि बरोबर उलटी नोंद पाहिजे. दिवसाला पाच हजारांवर पत्रे पाठवणाऱ्याला याहून कडक अटी आहेत.

मग सुरुवातीला काही महिने मेल पोचत कसे होते? तर सगळे पोचत नव्हतेच. चाचणी घेताना मुलाने स्वतःच्याच पत्त्यावर पाठवले, ते स्पॅमच्या कप्प्यात पडले, तिथून त्याने बाहेर काढले आणि 'हे बरोबर आहे' असा शेरा मारला. त्याच्यापुरते दार उघडले. बाकीच्यांतले काही स्पॅममध्ये पडून राहिले, काही परत आले. परत आल्याची चिठ्ठी कुठे जायची? त्याच कॉम्प्युटरमधल्या 'रूट' नावाच्या पेटीत. ती पेटी कुणी कधी उघडलीच नव्हती. आम्ही उघडली तेव्हा आत तीनशेवर चिठ्ठ्या निघाल्या. पुण्याच्या सभासदाच्या पाळीचीही त्यांत होती, तारीख-वेळेसकट. मुलगा खाली मान घालून बसला. सेक्रेटरींनी मात्र तिथल्या तिथे फोन लावून, चूक आमची झाली, असे सांगितले, याचा मला आदर वाटला.

आता दुरुस्ती. जे फक्त मोबाइल किंवा थंडरबर्डसारखा प्रोग्रॅम वापरतात त्यांनी एवढेच पाहावे. 'आउटगोइंग सर्व्हर' या ठिकाणी आपल्या मेल कंपनीचे नाव असावे, लाइन कंपनीचे नसावे. पोर्ट ५८७, सुरक्षा 'स्टार्ट टी.एल.एस.', आणि 'सर्व्हरला पासवर्ड लागतो' यावर खूण. लाइन कंपनीचा सर्व्हर घातला की घरात चालते आणि मोबाइलच्या नेटवर किंवा पुण्याला पाहुण्यांकडे गेल्यावर अडते, कारण असे काही सर्व्हर फक्त आपल्या लाइनवरच्या माणसालाच ओळखतात. पासवर्ड देऊन आलेल्याचा पत्ता रोज बदलला तरी अडत नाही. सगळ्या दुरुस्तीचे मर्म हेच आहे: पत्त्यावरची ओळख सोडायची आणि पासवर्डवरची धरायची.

ज्यांचा कॉम्प्युटर आपोआप पत्रे पाठवतो त्यांनी पोस्टफिक्सची 'मेन डॉट सी.एफ.' ही फाइल उघडावी. तीत 'रिलेहोस्ट' नावाची ओळ असते. ती कोरी असेल तर यंत्र स्वतः दारोदार हिंडते. तेथे मेल कंपनीच्या जावक सर्व्हरचे नाव चौकटी कंसात लिहावे आणि पुढे दोन टिंबे देऊन ५८७ आकडा घालावा. जीमेल असेल तर ते नाव 'एसएमटीपी डॉट जीमेल डॉट कॉम' असे आहे. कंस विसरू नयेत. कंसाचा अर्थ, इकडे तिकडे न शोधता थेट याच यंत्राकडे जा. मग पासवर्डने ओळख देण्याची सोय चालू करावी आणि टी.एल.एस. सक्तीचे करावे, म्हणजे पासवर्ड उघड्यावरून जाणार नाही. नाव-पासवर्ड वेगळ्या फाइलीत लिहून ती फक्त 'रूट'लाच वाचता येईल अशी ठेवावी आणि 'पोस्टमॅप' ही आज्ञा चालवावी. ती चालवली नाही तर फाइल लिहूनही उपयोग नाही.

येथे आमची एक संध्याकाळ फुकट गेली. सगळे बरोबर भरूनही ओळख पटवण्याची पद्धतच सापडत नाही, अशी तक्रार येत होती. कारण पोस्टफिक्स मुळात साधा पासवर्ड द्यायला तयार नसतो, अगदी टी.एल.एस.च्या आतूनसुद्धा. त्याच्या सुरक्षेच्या ओळीतून 'नोप्लेनटेक्स्ट' काढून फक्त 'नोअ‍ॅनॉनिमस' ठेवले आणि गाडी चालू झाली. टी.एल.एस. सक्तीचे केले असेल तरच हे करावे.

पासवर्डबद्दल एक इशारा. जीमेलमध्ये अशा कामाला आपला रोजचा पासवर्ड चालत नाही. आधी दोन टप्प्यांची पडताळणी चालू करावी लागते, मग 'अ‍ॅप पासवर्ड' नावाचा सोळा अक्षरांचा वेगळा पासवर्ड मिळतो, तो वापरावा. आणि मुख्य पासवर्ड बदलला की हा अ‍ॅप पासवर्ड रद्द होतो. सेक्रेटरी बदलले, नव्याने पासवर्ड बदलला आणि त्या रात्रीपासून पाळीपत्रके बंद, असे होऊ शकते. म्हणून ही गोष्ट चार्ज देण्याच्या कागदावर लिहून ठेवावी. फुकटच्या खात्यावरून दिवसाला ५०० च्या आसपासच पत्रे जातात, तेवढी पाणीसंस्थेला पुरतात.

पाकिटामागचे नावही बदलावे लागते. पोस्टफिक्समध्ये 'जेनेरिक' नावाचा तक्ता असतो. यंत्रातल्या नावाऐवजी संस्थेचा खरा ई-मेल पत्ता लिहा, असे त्यात सांगता येते. त्याचा मोठा फायदा हा, की परत आलेल्या पत्राची चिठ्ठी आता माणूस रोज उघडतो त्या खात्यात येते. आणि आपले यंत्र बाहेरच्या कुणाचे टपाल स्वीकारणार नाही, फक्त घरातलेच घेईल, असेही बांधून टाकावे. नाहीतर परका माणूस आपल्या दारातून हजारो पत्रे सोडील आणि खाते बंद आपले होईल.

शेवटी तपासणी. टपालाची नोंदवही, म्हणजे 'मेल लॉग', वाचायला शिकावे. उत्तराचा पहिला आकडा पाहिला तरी पुरे. दोनाने सुरू होत असेल तर पुढच्या ऑफिसने पत्र घेतले. चाराने असेल तर आत्ता नाही, मागाहून ये. पाचाने असेल तर घेणार नाही, परत जा. ५३५ दिसले तर नाव-पासवर्ड चुकला समजावे. मात्र दोनाचा आकडा म्हणजे 'घेतले' एवढेच, 'वाचले' नव्हे. ते स्पॅममध्येही पडलेले असू शकते. म्हणून चाचणी स्वतःच्या पत्त्यावर घेऊन भागत नाही. वेगवेगळ्या मेल कंपन्यांचे तीन-चार सभासद निवडावेत, त्यांना पत्र पाठवावे आणि फोन करून कोणत्या कप्प्यात आले ते विचारावे.

चाराच्या आकड्याबद्दल आणखी थोडे. अशी पत्रे पोस्टफिक्स रांगेत ठेवतो आणि पाच दिवस पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. वीज गेली, लाइन तुटली, तरीही पत्र रांगेत शाबूत राहते. हिशेबाच्या पत्राला हे ठीक. पण पाळी होऊन गेल्यावर चौथ्या दिवशी आलेली पाळीची चिठ्ठी घेऊन सभासदाने काय करावे? आम्ही ही मुदत सहा तासांवर आणली. आता रात्री नऊचे पत्र पहाटेपर्यंत गेले नाही तर संस्थेच्या खात्यात चिठ्ठी येते, आणि लाइनच बंद असेल तर तीही येत नाही. त्यासाठी सेक्रेटरी सकाळी सहाला 'मेलक्यू' ही आज्ञा देऊन रांग पाहतात. रांगेत ज्याचे नाव दिसेल त्याला फोन. पाटकऱ्यालाही सांगून ठेवले आहे, की दारे धरायला माणूस दिसला नाही तर व्हॉल्व्ह फिरवण्याआधी सेक्रेटरींना विचारावे.

पुण्याच्या सभासदाच्या त्या पाळीची पाणीपट्टी संस्थेने माफ केली. उसाचे गेले ते गेले. तोडणीच्या वेळी काट्यावर दिसलेच. लागण तुटल्यावर त्यांनी खोडवा ठेवला आहे आणि पहिल्या पाण्याचे पत्र त्यांना वेळेवर पोचले, हे मी स्वतः विचारून घेतले आहे.

ज्या संस्थांना अशी व्यवस्था करावयाची आहे त्यांनी गट ऑफिसात नाव द्यावे. त्या मुलाने शनिवारी दुपारी येऊन दाखवण्याचे कबूल केले आहे. येताना राउटर आणू नये, मेल लॉगची प्रत मात्र जरूर आणावी. पुढील अंकात खोडव्यातील पाचट न जाळता सरीत कसे बसवावे, याविषयी लिहीन.

– ऊस विकास अधिकारी